‘भरधाव’ म्हणजे किती?

अपघाताच्या फिर्यादीत एक वाक्य हमखास असतं: ‘आरोपीने वाहन हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात चालवून…’ त्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम 281 लागतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पण भरधाव म्हणजे ताशी किती किलोमीटर? 1998 साली ‘कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की गाडी नुसती वेगात होती एवढ्यावरून हयगय सिद्ध होत नाही. ‘वेगात’ हा सापेक्ष शब्द आहे. बचावाला इथेच जागा मिळते, आणि आकडा गाडीतच असतो.

जखमीला आधी दवाखान्यात पोहोचवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नं ते चालकाचं कर्तव्यच आहे. मग डॅशकॅम, म्हणजे काचेमागून रस्त्याचं चित्रण करणारा गाडीतला कॅमेरा, बंद करा. कार्ड भरलं की कॅमेरा सर्वांत जुनी फाइल पुसून नवी लिहितो. फुल एचडीवर 32 जीबीचं कार्ड साधारण चार-पाच तासांत भरतं. जोराचा धक्का बसला तर कॅमेरा ती फाइल लॉक करतो, पण दुचाकी नुसती घासून गेली असेल तर तेवढा धक्का जाणवतच नाही. कार्ड काढा आणि जप्ती पंचनाम्यात पंचांसमोर सीलबंद करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली क्लिप म्हणजे मूळ फाइल नव्हे. पाठवताना ती दाबली जाते, बदलते. आणि चित्रण आपल्या विरोधात दिसतंय म्हणून पुसलंत, तर पुरावा नष्ट केल्याचा, न्याय संहितेच्या कलम 238 चा, वेगळा गुन्हा होतो.

आता उदाहरणादाखल असं एक चित्रण घ्या. डावीकडे विजेचा एक खांब, पुढे दुसरा. जागेवर टेपनं मोजलेलं अंतर: 20 मीटर. पहिला खांब चित्राच्या डाव्या कडेला लागतो, तिथून फ्रेम मोजायला सुरुवात. दुसरा खांब त्याच कडेला येईपर्यंत 45 फ्रेम झाल्या. कॅमेरा सेकंदाला 30 फ्रेम घेतो, म्हणजे दीड सेकंद. वेग ताशी 48 किलोमीटर. मोजणीत दोन फ्रेम इकडेतिकडे धरल्या, तर 46 ते 50. न्यायालयात ही मर्यादाही सांगावी. उलटतपासणीत तीच टिकते. मात्र अंधारात काही कॅमेरे फ्रेम कमी घेतात, म्हणून फाइलमधली प्रत्येक फ्रेमची वेळ तपासून घ्यावी. कोपऱ्यात उमटणाऱ्या जीपीएसच्या वेगावर एकट्यावर विसंबू नये. तो क्षणभर मागे असतो, आणि बोगद्यात तर सिग्नलच नसतो.

एअरबॅगच्या नियंत्रक पेटीत, बहुधा पुढच्या दोन सीटांमधल्या कन्सोलखाली, काही गाड्यांत धडकेची नोंद राहते: आधीच्या सुमारे पाच सेकंदांतला वेग, ब्रेक दाबला की नाही, अ‍ॅक्सिलरेटर किती. ‘ब्रेकच मारला नाही’ या आरोपाला याहून थेट उत्तर नाही. पण हा वेग चाकांवरून मोजलेला असतो; चाकं जाम होऊन गाडी घसरली, तर नोंद खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवते. बऱ्याच पेट्यांत तारीखही नसते, फक्त इग्निशन कितव्यांदा चालू झालं तो आकडा असतो. त्यामुळे गाडी पुन्हापुन्हा चालू करून बघू नका. सर्वांत मोठं नुकसान गॅरेजमध्ये होतं. विम्याच्या कामात नवी पेटी बसते आणि जुनी भंगारात जाते. दुरुस्तीआधीच ती जपून ठेवण्याची लेखी मागणी तपास अधिकाऱ्याकडे करा, पोच घ्या.

शेवटची अडचण कागदाची. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या खोतकर खटल्यात, 2020 साली, सर्वोच्च न्यायालयानं इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र सक्तीचं असल्याचं स्पष्ट केलं. आज ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली लागतं. त्याचे दोन भाग: ‘अ’ भाग फाइल देणाऱ्यानं भरायचा, ‘ब’ भाग तज्ज्ञानं. दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिच्यातल्या माहितीवरून गणितानं निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा संकेतांक, लिहायचं. एक फ्रेम जरी कापली तरी हे मूल्य बदलतं, म्हणून ते प्रत काढतानाच नोंदवून ठेवा.