पाटील, गुडघा, डावा

(दृश्य : मिरज, सकाळचे साडेनऊ. दाराशी चपलांचा ढीग, भिंतीला टेकवलेली एक कुबडी.)

हाडांच्या दवाखान्यात माणूस दारातून आत कसा येतो, ते बघत बसावं. एकजण उजवं मनगट डाव्या हातात तान्ह्या बाळासारखं धरून आणतो. एक मावशी पायरीवर आधी चांगला पाय ठेवतात, मग दुखरा ओढून घेतात. कंबरवाले बाकावर बसतच नाहीत, भिंतीला पाठ लावून उभे राहतात. आणि जवळपास प्रत्येकाच्या हाताला एक पिशवी. साडीच्या दुकानाची, बियाण्याच्या कंपनीची, कसलीही. तिच्यातून एक्स-रेच्या पाकिटाचं टोक बाहेर आलेलं.

मिरजेला हे नवं नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि दुखणं घेऊन मिरजेला जायचं ही या भागाची रीतच पडली. सांगली-कोल्हापूरची माणसं येतात, जत-सांगोल्याची येतात, रेल्वेनं बेळगाव-विजापूरचीही येतात. नवं एवढंच, की या क्लिनिकच्या काउंटरमागं केस पेपरचं कपाट नाही. एक स्क्रीन आहे आणि तिच्यासमोर रिसेप्शनवरच्या ताई.

(दृश्य : काउंटर. ताईंची बोटं की-बोर्डवर.)

"नाव?"

"पाटील."

सांगली जिल्ह्यात कॉम्प्युटरला पाटील शोधायला सांगणं म्हणजे वारीत टोपीवाला शोधणं. पहिलं नाव विचारल्यावर यादी थोडी आखडते, पण उरतेच. मग मोबाईल नंबर. तो मुलाचा असतो, आणि मुलगा पुण्यात असतो. त्या एका नंबरावर वडील, आई, चुलती आणि क्रिकेट खेळताना बोट मोडून घेतलेला मुलगा स्वतः, असे चौघे निघतात. शेवटी ताई मान वर करून विचारतात, "गुडघा ना? डावा?" आणि पाटील सापडतात.

सॉफ्टवेअरमध्ये शेऱ्यासाठी एक रिकामा चौकोन आहे. ताईंनी तो आपल्या कामाला लावला. त्यात लिहिलेलं असतं, "डावा गुडघा, बरोबर सून येते." "कंबर, कन्नड बोलतात." "मनगट, मोठ्यानं बोलावं लागतं." लाखभर रुपये घेऊन सॉफ्टवेअर विकणाऱ्याला हे सुचलं नव्हतं.

आता काही जण आभा कार्ड घेऊन येतात. आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 ला देशभर सुरू झालं, त्यातला हा 14 आकड्यांचा आरोग्य क्रमांक. मोबाईलवर कोड स्कॅन केला की नाव-पत्ता आपोआप भरला जातो. सोय खरी आहे. पण कार्डावर येतं कागदोपत्री नाव, आणि दहा वर्षांपूर्वीच्या केस पेपरवर असतं "अक्काताई". शिवाय बसाप्पा नावात इंग्रजी पी एक की दोन, हे टाइप करणाऱ्याच्या मनावर. एका पीची वेगळी फाईल, दोन पींची वेगळी. माणूस एक, गुडघे दोन, फायली दोन. अशा जोड्या शोधून एकत्र करणं हे दर शनिवारी दुपारचं काम. कोणत्याही जाहिरातीत हे काम दाखवत नाहीत.

(दृश्य : जुनी फिल्म, ट्यूबलाईटसमोर धरलेली.)

हाडांच्या कामात एकटा एक्स-रे म्हणजे अर्धं वाक्य. मोडलेलं हाड सांधतंय का, हे आजच्या चित्रावरून कळत नाही. सहा आठवड्यांपूर्वीचं चित्र शेजारी लागतं. हाडाला बसवलेल्या प्लेटचा स्क्रू सैल होतोय का? त्याच्याभोवती एक बारीक काळी रेघ येते. ती मागच्या वेळी होती की आत्ता आली, यावर पुढचं सगळं अवलंबून. गुडघ्यातली फट दरवर्षी किती बुजली, तेही तसंच.

आणि जुनी फिल्म घरात कुठं असते? कपाटावर, ट्रंकेमागं, नाहीतर गादीखाली. पावसाळ्यात दोन फिल्मा एकमेकींना चिकटतात, सोडवायला गेलं की एकीचं हाड दुसरीवर. नवी पिढी हुशार, ती व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवते. त्या फोटोत मांडीच्या हाडावर खिडकीचे गज उमटलेले असतात.

दिसायला फोटो आणि डिजिटल एक्स-रे सारखेच वाटतात, पण सारखे नाहीत. एक्स-रे मशीनमधून येणारी फाईल डायकॉम या ठरीव पद्धतीची असते. तिच्या पोटात नाव, तारीख आणि चित्रातल्या एकेका ठिपक्याचं माप असतं, म्हणून तिच्यावर लांबी-रुंदी मोजता येते. फोटोवर फक्त अंदाज. त्यातही हाड एक्स-रेच्या प्लेटपासून थोडं दूर असल्यानं चित्र मुळाहून मोठंच येतं. खुबा बदलायचा असेल तर मांडीशेजारी माहीत असलेल्या मापाची धातूची गोळी ठेवून एक्स-रे काढतात. गोळी किती फुगली ते बघायचं, त्याच प्रमाणात हाडाचं माप कमी करायचं. नव्या खुब्याचा नंबर त्यावर ठरतो, चपलेच्या नंबरासारखा.

इथं आणखी एक बारीक गोष्ट दाखवायची आहे.

(दृश्य : एक्स-रे टेबल. कोपऱ्यात शिशाचं छोटं अक्षर.)

हे शिशाचं अक्षर. आर म्हणजे उजवा, एल म्हणजे डावा. टेक्निशियन ते पायाशेजारी ठेवतो आणि मग बटण दाबतो. डिजिटलमध्ये हे अक्षर नंतर माऊसनंही टाकता येतं. सोपं पडतं, हात वाचतो. पण त्याच माऊसनं एका क्लिकवर अख्खं चित्र आरशासारखं उलटंही होतं. शिशाचं अक्षर चित्राबरोबर उलटतं, म्हणून चूक दिसते; नंतर टाकलेलं सरळच राहतं. म्हणून इथल्या टेक्निशियनला सक्त ताकीद आहे, अक्षर शिशाचंच, आणि तेही पाय टेबलावर असताना. गर्दीच्या दिवशी त्याला याचा कंटाळा येतो. तो तसं बोलूनही दाखवतो. तरी ठेवतो.

(दृश्य : तपासणीची खोली.)

पहिला महिनाभर डॉक्टर स्वतः टाइप करत होते. मग एका आजींनी विचारलं, "डॉक्टर, टीव्हीत काय बघताय? गुडघा हिकडं हाय."

आजी एकट्या नव्हत्या. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत 57 डॉक्टरांच्या मागं निरीक्षक 430 तास उभे होते. हाडांचे डॉक्टरही त्यांत होते. दिसलं ते असं : पेशंटला दिलेल्या प्रत्येक तासामागं जवळजवळ 2 तास कॉम्प्युटर आणि टेबलावरच्या कामात जातात. हाडांच्या डॉक्टरचं तर हातांशिवाय चालतच नाही. गुडघा वाकवायचा, वाटी दाबून आत पाणी आहे का बघायचं, खांदा फिरवताना पेशंटच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवायचं. दोन्ही हात गुंतलेले असताना टाइप कोण करणार?

आता खोलीत एक तरुण फिजिओथेरपिस्ट बसते. डॉक्टर तपासता तपासता मोठ्यानं बोलतात, "वाकतोय 110. सरळ होताना 5 अंश कमी. पाणी नाही. आतल्या बाजूला दुखतंय." ती टाइप करते. पगार वाढला, पण एक न ठरवलेला फायदा झाला. आपल्या गुडघ्याचा हिशेब पेशंटच्या कानावर पडायला लागला. पुढच्या वेळी आल्या आल्या तोच विचारतो, "एकशेदहाच्या पुढं गेला का?"

टाइपिंग वाचवायला सॉफ्टवेअरमध्ये तयार मजकूर असतो. एक बटण, आणि "दोन्ही पायांची हालचाल पूर्ण, नाड्या व्यवस्थित" असं छानपैकी उमटतं. अशी एक जुनी नोंद आम्हाला इथंच दाखवली गेली. पेशंटचा एक पाय गुडघ्याखाली कापलेला होता. हाताच्या अक्षरातली चूक चूक म्हणून दिसते तरी. छापील अक्षरातली चूक खरी वाटते, मला तीच जास्त घातक वाटते. त्या दिवसापासून इथली तयार वाक्यं मुद्दाम अर्धवट ठेवली आहेत : "वाकतोय ___". रिकामी जागा भरल्याशिवाय नोंद बंदच होत नाही. आणि त्याआधी डावा की उजवा, हे निवडावं लागतं. तिथं आधीपासून निवडून ठेवलेलं उत्तर नाही.

(दृश्य : ऑपरेशन थिएटरबाहेर, स्टिकर चिकटवलेला कागद.)

ऑपरेशनमध्ये बसवलेल्या प्रत्येक वस्तूच्या खोक्यात स्टिकर येतात. कंपनी, माप, लॉट नंबर. एक स्टिकर फाईलला, एक पेशंटच्या कार्डाला. हा चिटोरा फार मोलाचा. मांडीत घातलेला रॉड बारा वर्षांनी काढायचा झाला, तर तो ओढून काढायचं हत्यार त्याच्या आट्यांना बसावं लागतं, आणि आटे कंपनीगणिक वेगळे. रॉड कुणाचा हे माहीत नसेल, तर सर्जन दोन-तीन कंपन्यांचे सेट मागवून ठेवतो आणि देवाचं नाव घेतो.

भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांत दाखल पेशंटच्या नोंदी 3 वर्षं ठेवा, मागितल्या तर 72 तासांत द्या, असं आहे. नोंदी संगणकावर घ्यायचा प्रयत्न करा, हेही तेव्हाच सांगितलं होतं. पण रॉडला 3 वर्षांचा नियम कुठं ठाऊक असतो?

याची मोठी किंमत देशानं मोजली आहे. एएसआर नावाचा धातूचा कृत्रिम खुबा ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात तो सुमारे 4,700 शस्त्रक्रियांत वापरला होता. पुढं केंद्राच्या तज्ज्ञ समितीनं माग काढला, तेव्हा हजारभर पेशंट सापडले. बाकीच्यांची कुठली तरी फाईल, कुठल्या तरी कपाटात, कुठल्या तरी पाटलांच्या नावावर होती, किंवा नव्हतीच.

(दृश्य : दिवे जातात. इन्व्हर्टरची शिटी.)

लाईट गेली. स्क्रीन तगली, इंटरनेट गेलं. ताई खणातून छापील कागदांचा गठ्ठा काढतात. आज नंबर लावलेल्या सगळ्या पेशंटांचा थोडक्यात गोषवारा, रोज सकाळी दवाखाना उघडल्यावर छापलेला. संध्याकाळी तो फाडून टाकायचा, कारण दुसऱ्याचं दुखणं टेबलावर पडू द्यायचं नाही. मॉनिटरवर चिकटवलेली पासवर्डची पिवळी चिठ्ठीही अशीच एक दिवस काढून टाकली.

(दृश्य : शेवटचा नंबर. त्याच आजी.)

तपासून झालं. औषधं लिहून झाली, व्यायाम दाखवून झाले. आजी हलत नाहीत.

"सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे, आजी," ताई सांगतात.

"तिथं ऱ्हाऊ दे. मेडिकलवाला काय तुमच्या कॉम्प्युटरात बघतुया? कागद द्या की."

प्रिंटर घरघरतो. अक्षर मोठं, मराठीत, वर ठळक लिहिलेलं : गुडघा, डावा. आजी कागदाची चार घड्यांची पट्टी करतात आणि पिशवीत घालतात, जुन्या एक्स-रेच्या पाकिटाला लागून. मग जिना उतरायला लागतात. आधी दुखरा पाय, मग चांगला. तसंच शिकवलंय त्यांना.