गोंदियाची पॅसेंजर, चामोर्शीची एसटी आन् मार्कंडा

आपल्याला जायचंय मार्कंड्याला, वैनगंगेकाठच्या जुन्या शंकराच्या देवळाकडं. ही गोंदिया-बल्लारशा लाइन. नव्वदच्या दशकापर्यंत इथं छोटी गाडी होती, नॅरोगेज, आता मोठी लाइन झाली. पण पॅसेंजर अजूनही आपल्याच तालात चालते, क्रॉसिंगला थांबली की थांबली, अन् तेवढ्यात फुटाणेवाला दोन डबे फिरून येतो. बाहेर बघा, धान निघालेल्या बांध्यांमधे लाखोळी, म्हणजे डाळीचं पीक, उभी आहे अन् मागं पळस असा फुललाय की कॅमेरावाला भाऊ दारातून हलायलाच तयार नाही.

हे वडसा. कागदोपत्री गावाचं नाव देसाईगंज असो नाहीतर काही असो, लोकांसाठी वडसाच. अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन म्हणाल तर हेच. झाडीपट्टीच्या, म्हणजे या पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याच्या, नाटक मंडळ्या इथूनच गावोगाव जातात, म्हणून भिंतीभिंतीवर ही पोस्टरं. बाजूच्या मावशीनं विचारलं, कुठी चालले जी? मार्कंड्याले म्हटलं तर म्हणे, मंग इथं नोका उतरू, मूलले उतरा.

आता गंमत बघा. मार्कंडा गडचिरोली जिल्ह्यात, गाडी गडचिरोली जिल्ह्यात, तरी उतरायचं नाही. वडसा सुटलं की वैनगंगेचा पूल, तो ओलांडला की चंद्रपूर जिल्हा, मग ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, अन् मग मूल-मारोडा, म्हणजे मूल गावाचं स्टेशन. तिथून एसटीनं चामोर्शीकडं निघायचं म्हणजे तीच वैनगंगा परत ओलांडून परत गडचिरोलीत शिरायचं. वडसा-गडचिरोली लाइनचं काम सुरू आहे, ती झाली की हा वळसा कमी होईल. नागभीडहून नागपूरला जाणारी छोटी गाडी २०१९ला मोठ्या लाइनसाठी बंद केली, त्या गावांच्या लोकांनी मग एसटी अन् काळीपिवळी धरली.

चामोर्शीहून ऑटो. आणि हे आलं मार्कंडा.

इथं नदी वळून उत्तरेकडं वाहते, उत्तरवाहिनी, म्हणून अस्थी विसर्जनाला लांबलांबून लोक येतात. मार्कंडेय ऋषींची गोष्ट तर घरोघरी माहीत आहे, सोळाच वर्षांचं आयुष्य, यम न्यायला आला अन् पोरानं पिंडीला मिठी मारली. मजा अशी की याच आवारात यमधर्माचंही देऊळ आहे, हरला तरी बिचाऱ्याला जागा दिली!

जरा भिंतीजवळ या. वऱ्हाडातली हेमाडपंती देवळं काळ्या दगडाची, इथं वालुकाश्म आहे, त्यामुळं उन्हात रंग बदलतो. एकावर एक तीन पट्ट्यांमधे मूर्ती, देव, सुंदऱ्या, व्याल म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी. आणि ही छोटी पट्टी सगळ्यांच्या नजरेतून सुटते, बघा, हंसांची रांग, अन् त्याच्याच जोडीला माकडं. इंग्रजांच्या काळातला पुरातत्त्व खात्याचा कनिंगहॅम साहेब १८७३-७४च्या दौऱ्याच्या वेळी इकडच्या भागात फिरला, त्याला हे बघून खजुराहो आठवलं, अन् विदर्भाचं खजुराहो हे बिरुदही चिकटलंय. आपण मार्कंड्याला मार्कंडाच म्हणू ना, त्यात काय कमी आहे.

वीज पडून शिखर कोसळलं, मग एका गोंड राजानं डागडुजी केली असं सांगतात. आताच्या दुरुस्तीचं काम कसं चालतं ते नीट बघा. दगड चुन्यानं चिकटवलेले नाहीत, एकमेकांत बसवलेले आहेत, म्हणून आधी फोटो, मग नकाशा, मग प्रत्येक दगडावर रंगानं नंबर, अन् मगच तो खाली उतरतो. खाली आवारात त्याच क्रमानं मांडतात, तुटलेल्याच्या जागी नवा घडवतात, तो मुद्दाम साधा ठेवतात, म्हणजे जुनं कोणतं नवं कोणतं कळावं. परत चढवताना एखादा दगड बोटभर सरकला तर वरची सगळी ओळ वाकडी जाते, त्यामुळं एकच दगड दोरीला लावून, खाली घेऊन, घासून, परत वर. मधली बरीच वर्षं हे काम बंदच होतं, गावकऱ्यांनी आवाज उठवला.

महाशिवरात्रीला इथं मोठी जत्रा भरते, एसटीच्या जादा गाड्या लागतात, त्याचं शूटिंग आमच्याकडं नाही. दर्शन घ्यायचं असेल तर जत्रेत या. मूर्ती बघायच्या असतील तर जत्रा उलगडल्यावर या, दुपार टाळा, पाण्याची बाटली चामोर्शीतच भरून घ्या, अन् परतीची शेवटची एसटी कधी आहे ते उतरल्या उतरल्या कंडक्टरला विचारून ठेवा.