दोन बिंदू, एक डोळा

नमस्कार श्रोतेहो. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावं जुळ्या भावांसारखी, पण नातं काही नाही. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की दिसू लागतं. काचबिंदूत बहुधा डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस सुकत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. उतारवयात हे दोघं एकाच डोळ्यात भेटले की पेशंट म्हणतो, "डॉक्टर, एकदाच काय ते उरकून टाका."

उरकता येतं. पण आधी बघायचं, घाई कुणाची आहे.

डोळ्याच्या आत पाणी असतं, अश्रू नव्हेत; ते साठलं की दाब वाढतो. काहींच्या डोळ्यात ते बाहेर जायची वाटच अरुंद असते आणि जाडावलेलं भिंग ती आणखी दाबतं. तिथे भिंग काढणं हाच अर्धा इलाज. 2016 साली 'लॅन्सेट'मध्ये 419 रुग्णांचा अभ्यास आला. त्यांना मोतीबिंदू नव्हता, तरी भिंग काढलेल्यांचा दाब लेझर आणि थेंबांवर ठेवलेल्यांपेक्षा चांगला राहिला.

वाट उघडी असेल, तर मोतीबिंदू काढून दाब फारसा उतरत नाही. काचबिंदू सौम्य असेल, एखाद्या थेंबावर भागत असेल, तर मी नुसता मोतीबिंदू काढतो. नस बरीच गेली असेल तर ट्रॅबेक्युलेक्टॉमी. ही 1968 पासूनची शस्त्रक्रिया. पांढऱ्या भागात झडप करून पाण्याला नवी वाट द्यायची. वरच्या पापणीआड फोडासारखा छोटा फुगा राहतो. तो जपावा लागतो. डोळा लाल झाला, चिकटला, तर त्याच दिवशी या.

दोन्ही एकदम केलं तर एकच खेप, पण दाब नुसत्या ट्रॅबेक्युलेक्टॉमीइतका खाली जाईलच असं नाही. आधी ती केली तर मोतीबिंदू लवकर पिकतो, आणि तो काढताना फुगा बसायची भीती. म्हणून मध्ये काही महिने थांबतो. गाव लांब असेल, सोबत यायला कुणी नसेल, तर मी एकत्रच करतो, हे कबूल करतो.

एका आजोबांच्या डोळ्यातला दाब 28, म्हणजे जास्तच. शस्त्रक्रियेची तारीखही ठरली. जाता जाता मी औषधं मागितली, त्यांनी टेबलावर पिशवी ओतली. तीन बाटल्या, त्यातल्या दोघींचं सील तसंच. सुनेने महिनाभर वेळेवर थेंब घातले, दाब 16 वर आला. मग आम्ही नुसता मोतीबिंदू काढला.