फॉर्म भरून झाला, आता कॉम्प्युटर हवं आहे

नमस्कार श्रोतेहो. बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की मुंबईतल्या घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची नोंदणी करताना मुलगी मेकॅनिकल म्हणत होती, मुलगा सिव्हिल म्हणत होता. आता दोघांनाही कॉम्प्युटर हवं आहे. फॉर्म तर जाऊन बसला. मग आता काय?

पहिली गोष्ट, घाबरू नका. इंजिनिअरिंगच्या केंद्रीभूत प्रवेशात, म्हणजे आपण ज्याला कॅप म्हणतो त्यात, दोन वेगळे फॉर्म असतात. नोंदणीच्या फॉर्ममध्ये तुमची माहिती, गुण, प्रवर्ग आणि कागदपत्रं असतात; ब्रँचचा तिथे संबंधच नसतो. ब्रँच ठरते ती पुढच्या ऑप्शन फॉर्ममध्ये, आणि तो गुणवत्ता यादी लागल्यावर भरायचा असतो. त्यामुळे फक्त नोंदणी झाली असेल, तर तुमचं काहीही अडकलेलं नाही.

ऑप्शन फॉर्म कन्फर्म केला असेल, तर त्या फेरीपुरता तो बंद. पण पुढच्या फेरीसाठी नवा फॉर्म भरता येतो, आणि ब्रँच बदलायचा सगळ्यांत रुंद दरवाजा हाच आहे. इथेच सगळ्यांत जास्त गफलती होतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

समजा, पहिल्या फेरीत तुम्हाला यादीतल्या अकराव्या पसंतीचं मेकॅनिकल लागलं. जागा सोडायची नाही, पण कॉम्प्युटरची आशाही ठेवायची आहे. तर लॉगिनमध्ये जाऊन जागा स्वीकारायची, एक हजार रुपयांचं शुल्क भरायचं आणि 'बेटरमेंट' निवडायचं. 'फ्रीज' निवडलंत की पुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी संपल्या. काहीच केलं नाहीत, तर हातातली जागा गेली.

आता दुसऱ्या फेरीचा फॉर्म. पुष्कळ जण जुनी यादी जशीच्या तशी उतरवतात आणि वर दोन-चार कॉम्प्युटरचे पर्याय चिकटवतात. हे करू नका. बेटरमेंटमध्ये नवी जागा मिळाली की जुनी आपोआप रद्द होते, आणि ती परत मिळत नाही. म्हणजे यादीत चुकून एखादं नको असलेलं कॉलेज राहिलं आणि तेच लागलं, तर मेकॅनिकलही हातचं गेलं. म्हणून एकच कसोटी लावा: सध्याच्या जागेपेक्षा जे खरंच जास्त हवं आहे तेवढंच यादीत ठेवायचं. कॉम्प्युटर, आयटी, आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि डेटा सायन्स, तुम्हाला चालत असेल तर एक्स्टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन. त्यापुढे यादी संपवा. फॉर्ममध्ये तीनशे पर्यायांची सोय आहे, म्हणून तीनशे भरायलाच हवेत असं नाही. आणि भरलेला फॉर्म कन्फर्म केल्याशिवाय धरला जात नाही. शेवटच्या संध्याकाळी सर्व्हरवर गर्दी असते, तेव्हा एक दिवस आधीच कन्फर्म करा आणि प्रत डाउनलोड करून ठेवा.

पसंतीचा क्रम लावताना एक गैरसमज मनातून काढून टाका. वीजेटीआयसारख्या नामांकित कॉलेजचं कॉम्प्युटर पहिलं टाकलं म्हणून खालच्या पर्यायाची संधी कमी होत नाही. प्रवेशाचा संगणक गुणवत्ता क्रमांकाने एकेक विद्यार्थी घेतो आणि त्याची यादी वरून खाली तपासतो. जिथे जागा मिळेल तिथे थांबतो. उलट, 'मिळेल ते' पहिल्या क्रमांकावर ठेवणाऱ्यांचं नुकसान होतं. कारण पहिली पसंती लागली की जागा आपोआप फ्रीज होते. 2025-26 च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीन आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी काहीही लागलं तरी ते बंधनकारक होतं. म्हणून दुसऱ्या फेरीतले पहिले तीन पर्याय असे हवेत, की त्यातलं कुठलंही लागलं तरी तुम्ही आनंदाने जाल. हे आकडे दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत तपासून घ्या, नियम बदलतात.

मागच्या वर्षीचे कटऑफ बघताना नुसता पर्सेंटाइल पाहू नका, त्यापुढचा कोड वाचा. सुरुवातीचं 'एल' म्हणजे मुलींसाठीची जागा. शेवटचं 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटी, 'ओ' म्हणजे त्याबाहेरची आणि 'एस' म्हणजे राज्यस्तरीय जागा. होम युनिव्हर्सिटी घराच्या पत्त्यावरून नाही, तर बारावी जिथून पास झालात त्यावरून ठरते. राहायला दादरला आणि बारावी लातूरची, तर मुंबईतल्या कॉलेजच्या 'एच' जागा तुमच्या नाहीत. विलेपार्ल्याचं संघवी किंवा वांद्र्याचं थडोमल शहाणी अशा अल्पसंख्याक संस्थांत बऱ्याच जागा त्या त्या समाजासाठी राखीव असतात, तेव्हा सर्वसाधारण जागा किती उरतात तेही सीट मॅट्रिक्समध्ये, म्हणजे जागांच्या तक्त्यात मोजा.

फेऱ्यांच्या धावपळीत कागदपत्रंही बघा. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राची मुदत संपली असेल किंवा जात वैधता प्रमाणपत्र वेळेत दिलं नसेल, तर तुमची गणना खुल्या प्रवर्गात होते आणि सगळा हिशोब कोलमडतो.

कॅपच्या फेऱ्यांतही जमलं नाही तर संस्था स्तरावरच्या आणि रिकाम्या राहिलेल्या जागा असतात. त्यासाठी कॉलेजकडे वेगळा अर्ज करावा लागतो. कॉलेजच्या संकेतस्थळावरची जाहिरात रोज बघा, मुदत फार थोडी असते. तिथेही गुणवत्ता यादी लागते, तेव्हा पैसे मागून जागेची खात्री देणाऱ्या कुणालाही दारात उभं करू नका.

शेवटचा दरवाजा दुसऱ्या वर्षाला ब्रँच बदलण्याचा. 'आधी कुठेही घुसू, मग बदलू' हा सल्ला नातेवाईक फार सहज देतात, आणि आमच्या मते तो घातक आहे. बदल मिळतो तो हव्या असलेल्या ब्रँचमध्ये जागा रिकामी असेल तरच, आणि कॉम्प्युटर सोडून जाणारे मोजकेच. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाच्या गुणांनी यादी लागते आणि केटी, म्हणजे नापास राहिलेला विषय असलेल्याचा विचारच होत नाही. स्वायत्त संस्थांचे नियम आपापले असतात, ते प्रवेश घेण्याआधी कार्यालयात विचारून लेखी पाहा.

त्यात टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे ट्यूशन फी माफी योजनेची जागा घेणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या. आठ लाखांच्या आतलं कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्यांना यात ट्यूशन फी माफ असते, आणि ऑप्शन फॉर्ममध्ये या जागेचा कोड वेगळा असतो. पण अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमाप्रमाणे या जागेवर आलेल्याला नंतर कॉलेज किंवा अभ्यासक्रम बदलता येत नाही. फी वाचते म्हणून मेकॅनिकलचा टीएफडब्ल्यूएस कोड वर टाकलात, तर चारही वर्षं मेकॅनिकलच करायचं.

ब्रँच बदलली नाही तरी संगणकाचं शिक्षण हातचं जात नाही. अनेक संस्थांत मुख्य पदवीबरोबर अठरा ते वीस जादा क्रेडिट घेऊन दुसऱ्या शाखेची मायनर करता येते. मेकॅनिकलबरोबर डेटा सायन्सची मायनर असली की गुणपत्रिकेवर तसं दिसतं. मात्र जादा विषय म्हणजे जादा तास. त्याची नोंदणी कोणत्या सत्रात होते आणि त्यासाठी किती गुणांची अट आहे, हे पहिल्या वर्षातच विभागप्रमुखांना विचारून ठेवा.