साथीला कोण?

(दृश्य : सकाळ. चर्नी रोड स्टेशनच्या पुलावरून उतरणारी गर्दी. टॅक्सीचे हॉर्न. कॅमेरा हळूहळू एका जुन्या, कोरीव दर्शनी भिंतीवर स्थिरावतो.)

गिरगावात वाढलेल्या माणसाला ‘ऑपेरा हाउस’ हा शब्द अर्थ न विचारताच येतो. तो बसचा थांबा आहे. हिरेदलालांच्या गर्दीचा पत्ता आहे. “ऑपेरा हाउसला उतर, तिथून चालत ये,” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं. ऑपेरा म्हणजे गाण्यातून उलगडणारं पाश्चात्त्य नाटक, हे घरात कुणी सांगितलं नाही, आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही.

1911 साली राजे पंचम जॉर्ज भारतात आले, तेव्हा या इमारतीचं उद्घाटन झालं. बांधकाम तेव्हा पुरं व्हायचं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये मराठी रंगभूमीवर ‘संगीत मानापमान’ आलं. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि टेंबे हे पेटीतलं मोठं नाव. एकाच शहराच्या कानावर त्या काळात दोन्हीकडून सूर पडत होते. पुढे याच ऑपेरा हाउसच्या रंगमंचावर बालगंधर्व गायले, पृथ्वीराज कपूरांची नाटकं झाली, मग इथे सिनेमे लागले, आणि 1993 साली दारं बंद झाली.

(दृश्य : बंद थिएटरची जुनी छायाचित्रं. धूळ, फाटके पडदे. मग नूतनीकरणानंतरचं सोनेरी छत.)

ती दारं ऑक्टोबर 2016 मध्ये उघडली. मधे 23 वर्षं गेली होती. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली वास्तूचा कोपरा न् कोपरा पुन्हा उभा राहिला. आणि उघडलेल्या त्या रंगमंचावर जी सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाची गायिका, गायली, ती मुंबईचीच मुलगी होती : पॅट्रिशिया रोझारिओ.

तिचं नाव सगळ्यांनी ऐकलं. बातम्यांत आलं, फोटो आले. पण फोटोत तिच्या मागे एक लांबलचक काळा पियानो आहे, आणि त्याच्या बाकावर बसलेला एक माणूस आहे. मार्क ट्रूप. तिचा नवरा, आणि तिच्या गाण्याचा साथीदार.

हा माहितीपट त्या बाकावर बसणाऱ्या माणसाविषयी आहे.

(दृश्य : एक जुनी पेटी. तिचं कापडी कव्हर उचललं जातं.)

माझे आजोबा पेटी वाजवत. चाळीतली भजनं, कीर्तनं, गणेशोत्सवातले नाट्यगीतांचे कार्यक्रम. नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर साथ केली. कार्यक्रमाच्या कागदावर गायिकेचं नाव ठळक असे, त्याखाली तबलजींचं. आजोबांचं कधी असे, कधी नसे. एकदा आभारप्रदर्शनात मांडववाल्याचं नाव आलं, फुलवाल्याचं आलं, आजोबांचं राहून गेलं. घरी येऊन त्यांनी पेटीचा भाता तपासला, कव्हर घातलं आणि जेवायला बसले.

मी तेव्हा शाळेत होतो. मला राग आला होता. त्यांना म्हटलं, “आजोबा, तुम्ही नक्की करता तरी काय तिथे बसून?” ते म्हणाले, “बाईंचा श्वास संपायच्या आधी मला कळला पाहिजे. एवढंच काम.”

पुढे पाश्चात्त्य गाण्याच्या मैफली ऐकायला लागलो, आणि हे वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

(दृश्य : रिकामा रंगमंच. पियानोचं झाकण उचलून आखूड काठीवर टेकवलं जातं.)

आपल्याकडे गायक मधे बसतो, तबला त्याच्या उजव्या हाताला, पेटी डाव्या. एकमेकांकडे बघता येतं, मान डोलावता येते, एखाद्या जागेला डोळ्यांनी दाद देता येते. पियानोच्या मैफलीत तसं नाही. पियानोच्या बाजूला जे वळण असतं, त्या कुशीत गायिका उभी राहते. तिचं तोंड प्रेक्षकांकडे. पियानोवादकाला तिचा चेहरा जवळपास दिसतच नाही. दिसते ती पाठ, खांदे, फासळ्यांचं फुगणं. त्यावरून त्याने ओळखायचं की आता सूर येतोय.

पेटीवाला आणि पियानोवाला यांच्यातला फरक मला असा सांगावासा वाटतो. ख्यालाला साथ करताना पेटीवाल्याला पुढे ‘काय’ येणार ते ठाऊक नसतं. गायक तान कुठून उचलेल, कुठे सोडेल, हे त्या क्षणी ठरतं. पेटी एक छटा मागून येते, गायक थांबला की पोकळी भरते, आणि तो परतला की बाजूला होते. पियानोवाल्यासमोर सगळं लिहिलेलं असतं. गायिकेचा प्रत्येक सूर आणि आपला प्रत्येक सूर, तीन ओळींत एकाखाली एक. ‘काय’ येणार हे त्याला पाठ असतं. ठाऊक नसतं ते ‘केव्हा’. ती आज श्वास किती खोल घेईल, कोणत्या शब्दावर रेंगाळेल, कोणता शब्द झटकन टाकेल. ते ‘केव्हा’ ज्याला आधी कळतं तो साथीदार. नुसते सूर बरोबर वाजवणारा साथीदार होत नाही.

आणखी एक अडचण. पेटीला भाता आहे, म्हणजे फुप्फुस आहे. सूर धरता येतो, वाढवता येतो, विरवता येतो. पियानोवर हातोडी तारेवर पडली की तो सूर त्या क्षणापासून मरायला लागतो. 88 पट्ट्या, दोनशेहून जास्त तारा, आणि त्यातला एकही सूर वाजल्यानंतर वाढवता येत नाही. गायिका मात्र एक सूर धरून उभी आहे आणि तो फुलवते आहे. तिच्या खाली विरत चाललेल्या सुरांचा असा गालिचा अंथरायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, दोघं एकाच श्वासात आहेत. कान तयार व्हायला वर्षं जातात ती यासाठी.

सुरांच्या बाबतीत मात्र पेटी आणि पियानो एकाच घरातले. दोघांचीही सप्तकं समान भागांत कापलेली. त्यांचा गांधार आपल्या नैसर्गिक शुद्ध गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा, म्हणजे एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचा सातवा हिस्सा. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तीही दोघांना नाही. आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीला दारं बंद ठेवली, त्यामागे हाही आक्षेप होता. आजोबा त्या वर्षांविषयी कमी बोलत.

(दृश्य : पियानोवर वेगाने आपटणारा उजवा हात, अगदी जवळून.)

आता एक उदाहरण ऐकूया. 1815 साल. व्हिएन्नातला अठरा वर्षांचा फ्रान्झ शूबर्ट जर्मन कवी गोएथेच्या एका कवितेला चाल लावतो. रात्र, वादळ, घोड्यावर बाप आणि त्याच्या कुशीत आजारी मुलगा. मुलाला पिशाच्च दिसतंय, बापाला दिसत नाही. निवेदक, बाप, मुलगा आणि पिशाच्च, चारही आवाज एकच गायक काढतो. आणि घोडा? घोडा पियानोवादकाच्या उजव्या हातात आहे. एकच सूर दोन सप्तकांत, तीन-तीनच्या झपाट्यात, जवळजवळ गाणं संपेपर्यंत. मनगट भरून येतं, बोटं दगड होतात, पण घोडा थांबला तर मुलगा तिथेच मरतो. शेवटी घोडा खरंच थांबतो, आणि मूल मेलेलं आहे हे गायक जवळजवळ बोलल्यासारखं सांगतो. या गाण्यात साथ कुणाची आणि गाणं कुणाचं?

रॉबर्ट शूमानने 1840 साली रचलेल्या एका गीतमालेत गायक आपली शेवटची ओळ गाऊन गप्प होतो, आणि पियानो एकटाच बोलत राहतो. बराच वेळ. गायक नुसता उभा. त्या वेळात टाळी वाजवणारा प्रेक्षक मला फार दुखावतो.

(दृश्य : लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलचं जुनं कृष्णधवल छायाचित्र.)

या धंद्याला नाव मिळवून दिलं ते एका इंग्रज माणसाने. जेराल्ड मूर. जन्म 1899. त्याच्या तरुणपणी पियानोवर साथ करणारा म्हणजे मजूर. नाव बारीक टाइपात, मानधन त्याहून बारीक. मूरने आयुष्यभर दुसरं काही केलं नाही, आणि दुसरं काही करावंसं वाटतंय असं कधी दाखवलंही नाही. 1962 साली आलेल्या त्याच्या आत्मचरित्राचं नावच एक प्रश्न आहे : माझा आवाज फार मोठा होतोय का? साथीदाराच्या डोक्यात रोज फिरणारा प्रश्न.

20 फेब्रुवारी 1967. रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये मूरचा निरोपाचा कार्यक्रम. त्याच्यासाठी गायला त्या काळातले तीन मोठे आवाज आले : डीट्रिश फिशर-डिस्काउ, एलिझाबेथ श्वार्ट्सकॉफ आणि व्हिक्टोरिया दे लोस आन्हेलेस. एरवी हा माणूस त्यांच्यासाठी यायचा, त्या रात्री ते त्याच्यासाठी आले. सगळं झाल्यावर मूर पुन्हा एकटा आला आणि शूबर्टचं एक गाणं शब्दांविना, नुसत्या पियानोवर वाजवलं. ते गाणं संगीताचे आभार मानणारं आहे.

मंचावरून तो उतरला, पण काम सुटलं नाही. फिशर-डिस्काउबरोबर शूबर्टच्या चारशेहून जास्त गाण्यांचं ध्वनिमुद्रण त्यानंतरही काही वर्षं चालूच होतं. त्या तबकड्या आजही तरुण गायकांच्या हातातला नकाशा आहेत.

(दृश्य : पुन्हा मुंबई. पावसाळी दुपार. ओलसर भिंती. पियानोचे सूर जुळवणारा कारागीर.)

पॅट्रिशिया रोझारिओ मुंबईतून लंडनला गिल्डहॉल या संगीतशाळेत शिकायला गेली. पुढे जॉन टॅव्हेनर या संगीतकाराला तिच्या आवाजात काहीतरी सापडलं, आणि त्याने तिच्यासाठी तीसहून जास्त रचना लिहिल्या. 1992 साली त्याच्या ऑपेरात तिने इजिप्तच्या संत मेरीची प्रमुख भूमिका केली. टॅव्हेनरचे सूर लांब, संथ, जवळजवळ मंत्रासारखे. तसं गायला आत शांतता लागते. 2001 साली ब्रिटनचा ओबीई किताब तिला मिळाला. एखाद्या मुंबईकर मुलीच्या बाबतीत यावर आपण थांबतो, अभिमान वाटतो, बातमी संपते.

मला त्या बातमीनंतरची वर्षं महत्त्वाची वाटतात. दोन माणसं तीच गाणी एकत्र करत राहतात, ती वर्षं. आवाज शरीरात राहतो आणि शरीराबरोबर वय घेतो. पंचविशीत जो सूर उडी मारून गाठता येतो, त्याच्याकडे पन्नाशीत जिना चढून जावं लागतं. म्हणून ही गाणी उंच, मध्यम आणि खालच्या आवाजासाठी वेगवेगळ्या पट्ट्यांत छापलेली असतात. आपल्याकडे पेटीच्या काळी दोनवर गाणारी बाई पुढे तिच्याखालच्या काळी एकवर उतरते, तसंच. प्रेक्षकांच्या आधी हे साथीदाराला कळतं. लांब ओळ आली की तो लय केसभर पुढे सरकवतो, तिला श्वास पुरावा म्हणून. कुणी त्याला तसं सांगितलेलं नसतं. तीही त्याविषयी बोलत नाही.

2009 पासून ही दोघं भारतात येऊन इथल्या तरुण गायकांना शिकवू लागली. मुंबईची मुलं, गोव्याची मुलं, ज्यांच्याकडे आवाज होता पण अशी तालीम सहज मिळत नव्हती. ती आवाज शिकवते, तो पियानोवर बसतो. मला यातलं दुसरं तितकंच मोठं वाटतं. ज्या गायकाने कधी जाणता साथीदार अनुभवला नाही, त्याला आपला श्वास कुणीतरी ऐकतंय हेच माहीत नसतं.

ऑपेरा हाउसजवळच, फ्रेंच पुलाच्या कोपऱ्यावर, मोदी चेंबर्समध्ये प्रा. बी. आर. देवधरांचं संगीत विद्यालय होतं. कुमार गंधर्व पोरवयात तिथे शिकले. देवधरांनी पाश्चात्त्य संगीताचाही रीतसर अभ्यास केला होता. म्हणजे या चौकाने दोन्ही गाणी शेजारी शेजारी पाहिलेली आहेत. पेटीही, पियानोही.

(दृश्य : तालमीची खोली. खिडकीबाहेर रस्त्याचा आवाज. एक तरुण गायिका पियानोच्या वळणात उभी. कॅमेरा पियानोवादकाच्या मागे, त्याच्या नजरेच्या उंचीवर.)

आम्ही ही खोली चित्रित केली तेव्हा मी कॅमेरावाल्याला एकच सांगितलं : गायिकेच्या चेहऱ्यावर जाऊ नकोस. वादकाला जे दिसतं तेच दाखव.

बघा. तिची पाठ. कुर्त्याची शिवण. खांदे खाली आलेत, सैल आहेत. वादकाचे हात पट्ट्यांवर टेकलेत, पण अजून दाबलेले नाहीत. बाहेर बस थांबली, कंडक्टरने घंटी दिली. तिने ती ऐकली, थोडं थांबली. तोही थांबला.

आता फासळ्या फुगतायत.

(पियानोचा पहिला सूर आणि आवाज एकदम. पडदा काळा. गाणं चालू राहतं. अक्षरं उमटतात : आधी पियानोवादकाचं नाव, मग गायिकेचं.)