धीर आधी येत नाही

नमस्कार श्रोतेहो.

मी ठाण्यात मुलाखतीची तयारी करून घेते. माझ्याकडे दिवा-मुंब्र्याहून विशी-बाविशीतली मुलं येतात, घणसोली-ऐरोलीच्या मुली येतात आणि मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरी धरू पाहणाऱ्या चाळिशीतल्या बायकाही येतात. शिक्षण बहुतेकांचं पुरेसं असतं. गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी. "मॅडम, येतं सगळं, पण कॉन्फिडन्स नाही. तो एकदा आला ना, की मग मी अप्लाय करणार." हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं आहे, की आज त्याच्याबद्दलच बोलायचं ठरवलं. आत्मविश्वास आला की काम सुरू करू, असं म्हणत माणसं वर्षंच्या वर्षं थांबतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. कारण तो असा बसून राहणाऱ्याकडे येत नाही. काम करायला घेतलं, थोडं जमलं, की त्या जमण्यातून तो येतो.

हे नुसतं माझं मत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँड्युरा यांनी 1977 साली हा विचार नीट बांधून मांडला. त्यांनी अभ्यासासाठी निवडलेली माणसं सापाला भयंकर घाबरणारी होती. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या श्रोत्यांना ही भीती वेगळी सांगायला नको. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये साप निघाला, की सर्पमित्र येईपर्यंत काय अवस्था होते ते त्यांना ठाऊक आहे. बँड्युरांनी या माणसांना भीतीवर व्याख्यान दिलं नाही. एक बोआ जातीचा, बिनविषारी पण चांगला मोठा साप घेतला. एका गटाने जाणकाराच्या सोबतीने पायरी-पायरीने त्याच्या जवळ जायचं, त्याला हात लावायचा, पुढे हातात धरायचा. दुसऱ्या गटाने हे सगळं फक्त बघायचं. तिसऱ्या गटाला काहीच दिलं नाही. नुसतं बघणाऱ्यांनाही थोडा धीर आला, पण ज्यांनी स्वतःच्या हाताने केलं ते सगळ्यांच्या पुढे गेले. पुढे बँड्युरांनी असंही नोंदवलं, की भीती गेलेल्या काही जणांना सापाशी काडीचा संबंध नसलेल्या कामांतही हुरूप आला.

(हे ऐकून कोणी सापाला हात लावायला जाऊ नका. तिथे जाणकार उभा होता आणि साप बिनविषारी होता. तुम्ही सर्पमित्रालाच बोलवा.)

मला यातला जाणकाराचा भाग फार मोलाचा वाटतो. त्याने साप स्वतः उचलून बाजूला नाही ठेवला. तो शेजारी उभा राहिला आणि उचलायचं काम समोरच्या माणसालाच करू दिलं.

आता आपल्याकडची गोष्ट सांगते. ठाणे पूर्वेला, कोपरीत राहणाऱ्या एक बाई माझ्या ओळखीच्या आहेत. वय साठीच्या आत. यजमान गेले आणि बँकेचं सगळं पुतण्याकडे गेलं. पुतण्या चांगला आहे हो, मनात काही वावगं नाही. पण पाचशे रुपये हवे असले तरी त्याच्या सवडीची वाट बघायची. "मला त्यातलं काही कळत नाही," असं त्या म्हणायच्या, आणि ते म्हणताना आवाज खाली जायचा. ज्या बाईने सासरच्या दहा माणसांचा संसार एका पगारात ओढला, महिन्याच्या वाण्याच्या यादीत कधी रुपयाची चूक होऊ दिली नाही, तिला बँकेतलं कळत नाही हे मला पटेना. मी त्यांना एवढंच सांगितलं, की पैसे काढू नका, कोणाला काही विचारू नका, फक्त पासबुक छापून आणा. बँकेच्या दारातच मशिन आहे.

त्या गेल्या. पासबुक उलटं घातलं. मशिनने ते बाहेर ढकललं. पुन्हा घातलं, पुन्हा बाहेर. मागे रांग. त्यांच्या तळहाताला घाम सुटला, घरी निघून जावं असं वाटलं. तेवढ्यात मागच्या एका मुलाने सांगितलं, "मावशी, तो काळ्या रेघांचा स्टिकर आहे ना, ती बाजू फिरवा." त्यांनी फिरवलं. मशिन कुरकुरत सुरू झालं आणि चार महिन्यांच्या नोंदी छापून आल्या. पेन्शन कधी जमा झाली, विजेचं बिल कधी गेलं. घरी येऊन चष्मा लावून त्यांनी एकेक ओळ वाचली, तेव्हा मुदत ठेवीचं व्याज कोणत्या तारखेला येतं हे त्यांना पहिल्यांदा दिसलं. पुढच्या खेपेला त्यांनी पाचशेची स्लिप स्वतः भरली. आकड्यात आणि अक्षरात. त्यानंतर काही दिवसांनी खिडकीवर जाऊन नॉमिनीचं नाव कसं लावायचं ते विचारलं. एकदा सही जुळत नाही म्हणून स्लिप परत आली, तेव्हाही त्या घरी पळाल्या नाहीत. तिथेच उभं राहून दुसरी भरली. आता त्या पुतण्याला म्हणतात, "तू नुसता सोबत चल, बोलायचं ते मी बोलते."

त्यांना कोणी "तुम्ही खंबीर आहात" असं सांगून खंबीर केलं नाही. ते पासबुकच्या मशिनपासून सुरू झालं.

एका कामातला धीर दुसऱ्या कामात आपोआप येतोच असं नाही, हे समजून घेणं गरजेचं आहे. घरात वाघ असलेला माणूस कचेरीत मान खाली घालून उभा राहतो, त्यात त्याचा दोष नसतो. नवी मुंबईच्या श्रोत्यांना हे कोणी शिकवायची गरज नाही. मार्च 1970 मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. आगरी-कोळी माणसाला भरतीचं पाणी कोणत्या तिथीला बांधाला लागेल ते तोंडपाठ होतं. खारीतला भात कधी लावायचा, मिठागरात पाणी किती दिवस ठेवायचं, खाडीत जाळं कुठे टाकायचं, हे त्याला कोणाला विचारावं लागत नव्हतं. जमीन गेली तसं हे ज्ञान बिनकामाचं ठरलं, आणि तोच माणूस सात-बारा, भूसंपादनाची नोटीस, कोर्टाची तारीख यांच्यापुढे नवखा झाला. अशा माणसाला "तुमच्यात आत्मविश्वास कमी आहे" म्हणणं हा अन्याय आहे. त्याच्याकडून त्याचं कामच काढून घेतलं होतं. पुढे याच गावांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली कायदा समजून घेतला, मोर्चे काढले. जानेवारी 1984 च्या आंदोलनात उरण भागात पाच जणांचे प्राण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकांना परत द्यायची योजना त्यानंतर आली. नोटीस वाचायला, अर्ज लिहायला, सभेत उभं राहून बोलायला ही माणसं लढता लढता शिकली.

म्हणून कोणी माझ्यासमोर "माझ्यात आत्मविश्वासच नाही" असं म्हटलं, की मी विचारते, कशातला? इंग्रजीत बोलण्यातला? वरिष्ठांना नाही म्हणण्यातला? पगार मागण्यातला? एकदा नेमकं काम सापडलं, की त्याचे तुकडे करता येतात.

घणसोलीचा एक मुलगा, मराठी माध्यमातून शिकलेला, ऐरोलीत एका आयटी कंपनीत लागला. काम उत्तम, पण मीटिंगमध्ये तोंडातून शब्द निघत नसे. इंग्रजी बोलायचं म्हटलं की छाती धडधडायची, आणि धडधडते आहे म्हणजे आपल्याला जमणारच नाही, असा तो निष्कर्ष काढायचा. बँड्युरांनी याबद्दलही लिहिलं आहे. शरीर तयार होतं तेव्हाही छाती धडधडते. आपण तिचा अर्थ भीती असा लावला तर विश्वास आणखी खचतो. आम्ही ठरवलं, की भाषण करायचं नाही, मत मांडायचं नाही. मीटिंगच्या पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न विचारायचा, आदल्या रात्री वहीत लिहून ठेवलेला. जितकी मीटिंग लांबेल तितकी तोंड उघडायची भीती वाढते, म्हणून पहिलीच पाच मिनिटं. सुरुवातीला त्याने वही खाली धरून प्रश्न वाचून दाखवला. कोणी हसलं नाही. त्याच्या टीममध्ये कळव्याची एक मुलगी होती, तीही मराठी माध्यमातली आणि बेधडक बोलणारी. मी त्याला तिच्याकडे लक्ष द्यायला सांगितलं. मोठमोठ्या वक्त्यांच्या क्लिप बघून त्याला काही होत नव्हतं, पण आपल्यासारखीच शाळा शिकलेली मुलगी चुकतमाकत बोलते आणि जग बुडत नाही, हे बघून फरक पडला. प्रेरणादायी व्याख्यानांना जाणाऱ्यांना माझा विरोध नाही. पण सभागृहातला तो उत्साह दुसऱ्या दिवशीच्या लोकलच्या गर्दीत टिकत नाही. शेजारच्या खुर्चीवरचं उदाहरण टिकतं.

पण समजा, प्रयत्न केला आणि फसला तर? सगळ्यात जास्त माणसं इथेच मोडतात, म्हणून इथे थोडं थांबते.

विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक आल्बर्ट एलिस तरुणपणी अतिशय लाजाळू होते. मुलींशी बोलायचं म्हटलं की पाय गळायचे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःलाच एक काम लावून घेतलं. न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचं आणि बाकावर एकटी बसलेली कोणतीही स्त्री दिसली की तिच्या शेजारी बसून बोलायला लागायचं. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे अशा 130 जणी भेटल्या. तीस जणी उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणं झालं. त्यातली एकच पुन्हा भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही. नोकरीच्या भाषेत म्हणायचं तर निकाल शून्य. पण त्यांची लाज गेली, कारण ज्या अनर्थाची भीती होती तो 130 वेळांत एकदाही घडला नाही. आज कोणी बागेत अनोळखी बायकांना असं गाठू नये, हे सांगायला हवंच. घ्यायचं ते एवढं, की त्यांनी नकाराला स्वतःची किंमत ठरवू दिली नाही. पुढे 1955 च्या सुमाराला त्यांनी जी उपचारपद्धती मांडली, तिचा हाच गाभा आहे. काम फसलं म्हणजे काम फसलं, माणूस वाया गेला असं नव्हे. मुंबईच्या कि. मो. फडक्यांनी ही पद्धत मराठी माणसापर्यंत पोचवण्यासाठी आयुष्य दिलं. मुलाखतीत नापास झालेल्या मुलाला मी रडू देते. मग एक कागद देते आणि कोणता प्रश्न अडला तो लिहायला सांगते. 'मी नालायक आहे' याच्यावर काही करता येत नाही. 'नोटीस पिरियडबद्दल विचारलं तेव्हा अडखळलो' याची तयारी दोन दिवसांत होते.

पालकांशीही मला बोलायचं आहे. ठाण्यात आणि नवी मुंबईत मुलांसाठी जीव टाकणारे आईवडील मी रोज बघते. इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचे, म्हणजे कॅप राउंडचे पर्याय वडील भरतात, पासवर्ड आईच्या मोबाइलमध्ये, कागदपत्रांची फाइल मामाकडे. मुलगा अठरा वर्षांचा, आणि त्याला आपला सीट नंबर विचारला तर तो आईकडे बघतो. नंतर हेच आईवडील येतात आणि म्हणतात, "याला जरा कॉन्फिडन्स द्या." तो मी कुठून देऊ? जे काम करून तो कमावता आला असता, ते तुम्ही उरकून टाकलंत. फॉर्म त्याला भरू द्या. तुम्ही शेजारी बसा, शेवटचं बटण दाबायच्या आधी एकदा तपासा, पण टाइप त्याला करू द्या. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्राच्या रांगेत त्याला उभं राहू द्या. एक कागद कमी पडला म्हणून तो परत आला, तर लगेच गाडीची किल्ली उचलू नका. आणि काम झालं की "किती हुशार आहेस" असं मोघम म्हणण्यापेक्षा "झेरॉक्स आधीच काढून ठेवलीस, ते बरं केलंस" म्हणा. काय केल्यामुळे जमलं, ते त्याला कळू द्या.

स्वतःच्या पायावर उभं राहणं म्हणजे कोणाचीच मदत न घेणं, असा समज करून घेतलेली माणसंही मला भेटतात. त्यांची फार काळजी वाटते. कोपरीच्या बाईंना त्या रांगेतल्या मुलाने स्टिकरची बाजू सांगितलीच होती. विचारायचं, समजून घ्यायचं आणि मग आपल्या हाताने करायचं. आणि जर कित्येक आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, अंथरुणातून उठणंही जड झालं असेल, तर तो आत्मविश्वासाचा प्रश्न नाही, आजार असू शकतो. त्यावर छोट्या-छोट्या कामांचा उपाय पुरत नाही. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. 14416 या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून इथे आहे, त्याच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. तिथे जायला लाज वाटत असेल तर घरातल्या एका माणसाला सोबत घ्या. डॉक्टरांशी मात्र तुम्हीच बोला. झोप किती लागते, भूक कशी आहे, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

नमस्कार.