भरतीच्या वेळी पक्षी कुठे जातात?

ठाणे खाडीत २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाले, २०२२ मध्ये रामसर दर्जाही (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय मान्यता) मिळाला. मला मात्र आज हद्दीबाहेरच्या जागांबद्दल बोलायचे आहे. सायबेरियाकडून येणारे टिलवे, चिखले, गॉडविट हे किनारी पक्षी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर पोट भरतात. भरती आली की तो चिखल बुडतो. उधाणाला मुंबईत पाणी साडेचार-पाच मीटर चढते. या पक्ष्यांना बदकांसारखे पाण्यावर तरंगत विसावता येत नाही आणि तिवरांच्या दाटीत त्यांना शत्रू दिसत नाही. दिवसातून दोनदा त्यांना उघडी, उथळ जागा लागते. उरणचे पाणजे, नेरुळचे टी. एस. चाणक्य तळे आणि भांडुपची मिठागरे ही ती ठिकाणे. या जागा गेल्या, तर शेजारचा चिखल कितीही सुपीक असो, पक्षी टिकणार नाहीत.

अशी जागा मरते ती बहुतेक वेळा पाण्यामुळे, आणि दोन्ही टोकांनी. उघाडी (खाडीचे पाणी आत-बाहेर सोडणारे दार) किंवा मोरी गाळाने, भरावाने बुजली की तळे सुकते. नेरुळच्या डीपीएस तलावाचे २०२४ मध्ये हेच झाले. उलट मासळीसाठी पाणी कोंडून खोल केले, तर उंच पायांचे शेकाटे राहतात. पंचवीस-तीस ग्रॅमचा छोटा टिलवा मात्र उडून जातो, त्याला जेमतेम दोन-चार सेंटिमीटर पाणी चालते. आणि उघाडी कायम सताड उघडी ठेवली, तर गाळ साचतो, तिवराचे बी रुजते आणि काही वर्षांत मोकळे पाणी उरत नाही. मग तिवर तोडता येत नाही. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला दिलेले संरक्षण योग्यच आहे. म्हणून काळजी रुजण्याआधी घ्यायची. पावसाळा सरता सरता मोरीचे तोंड साफ करावे, तिथल्या पाणी अडवणाऱ्या फळ्या अशा लावाव्यात की भरतीलाही तळ्याचा काही भाग उघडा आणि काही घोटाभर राहील, आणि प्रत्येक उधाणाला पाणी बदलू द्यावे.

दुसरा त्रास माणसांचा आणि मोकाट कुत्र्यांचा. एप्रिलमध्ये हे पक्षी परतीसाठी चरबी साठवतात, आणि थवा उडवला गेला की दर वेळी ती जळते. विसावलेल्या थव्याच्या माना उंचावल्या की आपण जास्त जवळ आलो; तिथूनच मागे फिरावे. ड्रोन तर उडवूच नये.

‘एक जागा गेली तर शेजारी सरकतील’ असे सांगितले जाते. दक्षिण कोरियातल्या सेमानगमला २००६ साली भरतीचे पाणी अडवणारी ३३ किलोमीटरची भिंत पुरी झाली. स्थलांतरात तिथे थांबणारे हजारो मोठे नॉट (असेच किनारी पक्षी) शेजारच्या किनाऱ्यांवर पुन्हा दिसले नाहीत आणि ऑस्ट्रेलियातली त्यांची संख्याही घटली.

जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत मोजणी भरतीच्या सुमारास विसाव्याच्या जागीच करा, भरतीची वेळ आणि उंची नोंदवा. मोरी बुजवलेली दिसली तर ऐन भरतीला दोन फोटो घ्या, बाहेर चढलेले पाणी आणि आत कोरडे तळे एकाच तारखेला. हा पुरावा खोडणे अवघड जाते. तक्रार वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे आणि कोकण विभागीय आयुक्तांच्या पाणथळ तक्रार निवारण समितीकडे लेखी द्या व पोच घ्या.